जाळ्यातलं कासव

पोहायला म्हणून लेक जेमतेम कमरेभर पाण्यात उतरली, तेवढ्यात जेलीफिशच्या झुंडीनं तिला घेरलं. दोन्ही मांड्यांवर चाबकानं फोडल्यासारखे वळ उठले. दवाखान्यातून आणल्यावर आईनं तिला आत्याजवळ निजवलं आणि ती धावत धक्क्यावर आली. नवऱ्यानं डोक्यात राख घातली होती. किनाऱ्याला लागलेले जेलीफिश तो बुटाच्या टाचेनं चिरडत सुटला होता.

"अहो, पुरे आता. घरी चला. ती तुम्हालाच विचारतेय."

"आधी जाळं काढतो."

जाळं वर आलं ते फाटलेलंच. आत एक भलंमोठं कासव अडकून धडपडत होतं.

"हेच ते! आमचे मासे फस्त करायचे आणि वर जाळंही फाडायचं!" त्यानं बोटीतली कुऱ्हाड उचलली.

"राहू द्या ना, मुकं जनावर आहे."

"तू मध्ये पडू नकोस. आज मी कुणालाच सोडणार नाही."

दोन घावांत मान तुटली. रक्ताची चिळकांडी तिच्या साडीवर उडाली. तरी त्याचा हात थांबेना. त्यानं कासवाचं पोट फाडलं. "बघ, किती मासे गिळलेत ते!"

मासा एकही नव्हता. बुळबुळीत, अर्धवट पचलेले जेलीफिश तेवढे भसाभस बाहेर आले, घमेलंभर तरी असतील.

तिनं त्या ढिगाकडे पाहिलं, मग किनाऱ्यावर त्यानं चिरडलेल्या जेलीफिशकडे.

"या वर्षी अशी किती कासवं मारलीत हो?"

"मी एकट्यानंच कुठं?" तो पुटपुटला. "सगळेच मारतात."