धानावरची गिटार

सकाळपासून घरभर शोधलेली सीडी दुर्गेश्वरीला सापडली ती शेतात. बांबूला सुतळीनं लटकवलेली, धानावर गरगर फिरत होती. पोपटांनी दाणे टिपू नयेत म्हणून अर्धं कामठा गाव शेतात सीड्या बांधतं. पण त्या बिघडलेल्या, टाकाऊ. ही तिची जॅझ गिटारची जुनी सीडी होती, माहेराहून जपून आणलेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरे केशोराव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तंबाखू मळत बसले होते.

"मामाजी, मले विचारलं काऊन नाही?"

"त्यात काय विचारायचं? चमकते म्हणून बांधलो. एक शब्द नाही तिच्यात, नुसतं टुंग टुंग. कोण आयकते?"

मी ऐकते की! मी माणूस नाही का? हे ओठावर आलेलं तिनं गिळलं, सुतळी तोडली आणि तरातरा शेताकडेला उभ्या जीपकडे गेली. सीडी वाजवायला दुसरं यंत्र घरात नव्हतं. रोज दुपारी भांडी आटोपली, की ती या जुन्या जीपमध्ये बसून ऐकायची.

गिटार सुरू झाली. सीडीतला तो गिटारवाला बाबा नुसत्या अंगठ्यानं वाजवायचा. एक सूर आणि त्याच्या जोडीला त्याचाच खालचा सूर, दोन जावा गप्पा मारत पाणवठ्यावर निघाव्यात तसे निवांत. मध्येच थांबायचा. ते थांबणंसुद्धा तिला पाठ होतं, आणि दरवेळी नवं वाटायचं. जरा तिचा श्वास खाली बसला. तिसऱ्या धुनेत सूर वर चढू लागले आणि तिथंच अडकले. टुक, टुक, टुक. पुढं काही जाईना. पुसून लावली, परत तेच. सुतळीत अडकलेल्या काडीनं चांगला ओरखडा काढला होता.

नवरा भुपेंद्र जीपच्या मागं पोती चढवत होता. म्हणाला, दुसरी आणू ना बाजारातून. दुसरी म्हणे! बादली आहे का ती?

ती परत धुऱ्यावर आली. कपाटात एवढ्या सीड्या होत्या, मग हीच बरी दिसली, असं तिनं विचारलं. केशोराव शांतपणे म्हणाले, बाकी भजनाच्या होत्या, आणि एक भुपेंद्रच्या लग्नाची. ती मीच बाजूला ठेवली.

"ते आपल्या घरची वस्तू होय ना, बाई."

दुर्गेश्वरी घरी गेली, कपाट उघडलं आणि परत शेतात आली. बांबू वाकवून नवी गाठ मारली, चांगली घट्ट.

"हेबी चमकते, मामाजी."

केशोरावांच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. वारा आला. फेटा बांधलेला भुपेंद्र आणि हार घातलेली ती, सीडीवरच्या फोटोतली दोघं, धानावर गरगर फिरू लागली.

पोपट भर्रकन उडाले.