गुपिताचा रकाना

"बाबा, निरंक नहीं चलेगा," पूर्णिमा म्हणाली. "कॅरेक्टरचं काही तरी गुपित पाहिजेच ना!"

बाबूरावांनी कागद पुन्हा पुढे ओढला. चोवीस वर्षं गिरणीत कारकुनी केलेला माणूस. रकाना रिकामा सोडायचा नाही, काहीच नसेल तर निरंक लिहायचं, हे हाडीमाशी मुरलेलं.

भोपाळच्या होस्टेलवर पूर्णिमा हा खेळ शिकली होती. प्रत्येकाने मनाने एक माणूस रचायचा. त्याचं नाव, बळ, उणीव नि गुपित लिहायचं, आणि फासे टाकत त्याच्या तोंडून गोष्ट पुढे न्यायची. फासा लुडोचाच. उद्या ती बंगलोरला नोकरीवर निघणार होती. मागे उरणार आई-बाबा दोघंच, आणि त्यांचं बोलणं म्हणजे 'भाजी काय' आणि 'दिवा घालवा'. पोरीला त्याचाच घोर लागला होता.

"मी गेल्यावर रोज एक डाव खेळायचा. प्रॉमिस?"

"ह्यांना टाइम कुठे?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "मिल कधीची बंद झाली, पण ह्यांच्या फायली काय खतम होत नाहीत."

बाबूराव नुसते हसले. गिरणीला टाळं लागल्यावर जुनी कागदपत्रं निस्तरायला पाच जण ठेवले होते, त्यांत ते एक. अजूनही साडेनऊला घर सोडायचे. दुपारी झाडाखाली एकट्याने डबा, उरलेली पोळी खारींना. दिवसभर कुणाशी चकार शब्द नाही. मग घरी आल्यावरही जीभ उचलत नसे. फार एकटं वाटायचं, पण सांगणार कुणाला?

शेवटी त्यांनी लिहिलं: सरदार मारुती. बळ, तलवार. गुपित, घोड्याला घाबरतो.

"वा भिया!" गल्लीतल्या दोस्ताला म्हणावं तशी पूर्णिमा खिदळली.

सुलोचनाबाईंची होती सखुबाई वैदीण. गुपित त्यांनी पदराआड लिहून चिठ्ठीची चौघडी केली.

खेळ रंगला. सरदार घोड्यावरून पडला तेव्हा सुलोचनाबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. हे हसू बाबूरावांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, जमेल आपल्याला. आता बोलता येईल.

"सहा!" बाबूरावांचा फासा बघून पूर्णिमा ओरडली. "बाबा, आता सरदाराला वैदिणीचं गुपित वाचायला मिळणार."

सुलोचनाबाईंचं हसू थांबलं. क्षणभर त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग चिठ्ठी त्यांनी आपणच पुढे सरकवली.

बाबूरावांनी ती उलगडली.

'हिच्या नवऱ्याचं उरलेलं ऑफिसही गेल्या दिवाळीतच बंद झालं. तो रोज बागेत जाऊन बसतो. एक दिवस आपण होऊन सांगेल, म्हणून ही अजून वाट बघते आहे.'