दुसरी शिट्टी

डोळखांबच्या शाळेतली तीस मुलं घेऊन गुरुजींनी थीम पार्कच्या तळ्यातली अख्खी बोट ठरवली होती, पाण्यावरून आतषबाजी दाखवायला. पहिला बाण फुटला आणि मुलं उठून किनाऱ्याच्या बाजूला धावली. बोट कलली, पाणी आत शिरलं. आईबापांसोबत दगडखाणीवर वाढलेल्या या मुलांना तो सुरुंग वाटला. सुरुंगाआधीची, पालथं पडायची शिट्टी तर झालीच नव्हती. गुरुजींनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. खाणीवरच्या सवयीने मुलं जागच्या जागी पालथी पडली. भार खाली बसला, बोट सावरली. वर आभाळ रंगत होतं, पण एकही डोकं हलेना. “बघा की रे आता,” गुरुजी म्हणाले. “दुसरी शिट्टी झाल्याबिगर उठायचं नाय, गुरुजी,” लहानी नावाची पोर पडल्यापडल्या म्हणाली. दुसरी दिली तर सगळी पुन्हा उभी राहणार, बोट पुन्हा कलणार. गुरुजींनी शिट्टी खिशात टाकली आणि ते तिच्याशेजारी उताणे झाले. “उठू नका. नुसतं असं वळा.”