विलो स्ट्रीटचा कॅमेरा
आठवण म्हणून पांढरा रंग दिलेली माझ्या लेकीची सायकल आमच्या वळणावरच्या खांबाला बांधलेली आहे. भरधाव गाडीखाली पोर तिथंच गेली. तरी वेग पकडणारा कॅमेरा नगरपालिकेनं बसवला शेजारच्या विलो स्ट्रीटवर. गाड्या हळू झाल्या, तिथली पोरं रस्त्यात हॉकी खेळायची, मी खिडकीतून बघत जळायचे. आणि दंड भरावा लागतो म्हणून कुरकुर तिथल्याच लोकांची. नगरपालिकेच्या सभेत तिथला ब्रेंट म्हणाला, “कॅमेरा कसला, पाकीटमार आहे. काढा.” “नको असेल तर आम्हाला द्या,” मी म्हटलं. “ने की खुशाल,” तो म्हणाला. सभा हसली. शनिवारी पहाटे कुणीतरी कॅमेऱ्याचा खांबच कापला. लेकीच्या घसरगाडीवर घालून मेलेला कॅमेरा मी बर्फातून ओढत आणला आणि सायकलीशेजारी बांधला. सोमवारी ब्रेंटची गाडी सुसाट आली, कॅमेरा दिसताच गोगलगाय झाली. सायकल पाहून त्यानं कधी ब्रेक दाबला नव्हता. आता मला त्या कॅमेऱ्याचाच हेवा वाटतो.