मंत्री पान उलटत नाहीत

“सदतीस गावं, एकच पान. मंत्री पान उलटत नाहीत,” साहेबांनी बजावलं.

कुंदा सकाळपासून टँकरच्या तक्त्याशी झटत होती. अक्षरं मुंगीएवढी केली, ओळी इतक्या दाबल्या की गावं एकमेकांच्या उरावर बसली. तरी शेवटची हेटवाडी टुणकन दुसऱ्या पानावर! तिथे कुंदाचं माहेर, आणि आटलेली विहीर.

“उडवा ती ओळ.”

“अहो साहेब, माणसं राहतात तिथे!”

“तक्त्यात नाही, म्हणजे गावच नाही. सोपं आहे, बाई.”

कुंदाने मान डोलावली. तक्त्याच्या डोक्यावर जाड चौकटीत साहेबांचं नाव, हुद्दा आणि ‘यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली’ असा चार ओळींचा थाट होता. तिने तोच उडवला. हेटवाडी अलगद वर आली. साहेबांनी पानं मोजली, एकच भरलं. न वाचता आपली गिचमिड सही ठोकली.

सोमवारी हेटवाडीत टँकर पोचला. मंगळवारी मंत्र्यांच्या हस्ते साहेबांचा सत्कार होता, आणि दारावरचा शिपाई तोच तक्ता निमंत्रितांची यादी समजून माणसं आत सोडत होता.

“तुमचं नाव नाही यात.”

“अरे, खाली सही माझीच आहे!”

“वाचून दाखवा.”

साहेबांनी दोनदा प्रयत्न केला.