निनावी माशाचा उपास

आजोबांच्या टाकीतल्या निनावी माशाच्या पाठीवर सतरा काटे, अंगावर नऊ उभे पट्टे, आणि आणल्यापासून अकरा दिवसांचा कडकडीत उपास. दुकानदाराला 'सिक्लिड' या कुळापलीकडे नाव ठाऊक नव्हतं. 'घसा सुजलाय, औषध टाका,' एवढंच तो म्हणाला. आजोबांनी बाटली तिरपी केली, तोच पुस्तकातल्या चित्रांशी काटे ताडून पाहणारी नात ओरडली, "थांबा! ओळख पटली! या जातीची मादी तोंडात अंडी उबवते. म्हणून खात नाहीये." "म्हणजे आजारी नाही?" "तोंडानं गरोदर आहे, आजोबा! औषधानं पिल्लं मेली असती." "आणि मी वेडा रोज तिला 'खा रे बाबा' म्हणून दटावत होतो!" त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि खुर्ची टाकीशी ओढली. त्यानंतर दहाव्या दिवशी मादीनं जबडा उघडला. दोघं श्वास रोखून मोजू लागली. आजोबा दोनदा चुकले. पिल्लं एकतीस, सगळी जिवंत.