घार शिवली

दहाव्याला घाटावर पिंड मांडून गुरुजी बाजूला झाले आणि आकाशातून यांत्रिक घार सुटली. कावळे नामशेष झाल्यापासून घाटावर अशा दोन घारी होत्या, आयसिस आणि नेफ्थिस. आयसिस सरळ पिंडावर उतरली, भाताला चोच लावून उडाली.

"शिवली! आईची काही इच्छा राहिली नाही," म्हणत निनादने हात जोडले.

कुमुदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेलेली शकू तिची सख्खी बहीण. शेवटपर्यंत "रेवाला बोलवा" म्हणत होती. पण रेवाने जातीबाहेर लग्न केलेलं; निनादने आपल्या त्या बहिणीला आई गेल्याचंही कळवलं नव्हतं.

"रेवा आली नाही, तरी शिवली?"

"मावशी, ती शिवतेच. लोकांना ताटकळावं लागू नये म्हणून तशीच बनवलीय."

"अरे, जन्मभर इतिहास शिकवला मी! इजिप्तच्या त्या दोघी देवी सख्ख्या बहिणी. मेलेल्या भावासाठी घारी होऊन त्यांनी टाहो फोडला, त्याच्या देहावर पंख धरून राखण केली. त्यांची नावं लावता आणि खोटी साक्ष द्यायला लावता?"

"आटपा, गुरुजी," निनाद तोंड फिरवून म्हणाला.

गुरुजी पिंड उचलायला वाकले, तशी कुमुदने पिंडाशी बसकण मारली आणि दोन्ही हातांनी पदर त्याच्यावर पसरला.

"शकूची बहीण अजून जिवंत आहे," ती म्हणाली. "घार मी. आणि मी शिवलेली नाही. लाव रेवाला फोन."